खोलीच्या छतावर झोपलेली फुलपाखरं हीटिंगमुळे जागी होताहेत, काय करावं?

अनुजा_क

नमस्कार मंडळी. ब्रिटनमधल्या आमच्या घरात मागच्या बाजूला पाहुण्यांची खोली आहे. तिथे छत आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यात दोन फुलपाखरं शरद ऋतूपासून पंख मिटून बसली आहेत. अजून एक पडद्याच्या चुणीत होतं. पाहुणे आले म्हणून खोलीचा रेडिएटर चालू केला, तर पडद्यातलं जागं झालं आणि आता काचेवर धडका देतंय. पंख उघडल्यावर नारिंगी, त्यावर काळे-पिवळे पट्टे, कडेला बारीक निळी नक्षी. छतावरची दोन मात्र बाहेरून जवळपास काळी आहेत, पंख उघडलेले दिसलेले नाहीत.

जानेवारी चालू आहे. बाहेर रात्री उणे दोन, दिवसा चार-पाच अंश. खिडकी उघडून सोडलं तर मरेल असं वाटतं, आत ठेवलं तर दमून मरेल. त्याला साखरपाणी द्यावं का? छतावरच्या दोघांना हलवावं का? पाहुणे गेले आहेत, त्यामुळे खोली रिकामी ठेवता येईल.

---

पानगळ

अनुजाताई, जागं झालेलं आहे ते स्मॉल टॉर्टॉइजशेल. छतावरची दोन बहुतेक पीकॉक. त्यांच्या पंखांची खालची बाजू जळक्या लाकडासारखी काळी असते, वरच्या बाजूला डोळ्यांसारखे मोठे ठिपके. दोन्ही जाती प्रौढ अवस्थेतच हिवाळा काढतात. ब्रिटनमधल्या बहुतेक फुलपाखरांचा हिवाळा सुरवंट, कोष किंवा अंड्याच्या रूपात जातो. पंख असलेल्या अवस्थेत तो काढणाऱ्या जाती मोजक्याच, आणि त्यातल्या या दोन घरात शिरतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यांना तुमची खोली थंड, अंधारी, कोरडी वाटते. झाडाची ढोली किंवा गुहा समजूनच ती आत येतात. पुढे हीटिंग सुरू होईल हे त्यांना कळायचा मार्ग नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. त्यांना धोका थंडीचा नाही, उबेचा आहे. उन्हाळ्याच्या शेवटी फुलांवरून प्यालेल्या मकरंदाची चरबी करून ती पोटात साठवतात आणि मार्चपर्यंत तेवढ्यावरच जगायचं असतं. कीटकाचं शरीर भोवतालच्या तापमानाबरोबर चालतं. दर १० अंशांनी चरबी जळायचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. म्हणजे ५ अंशांच्या शेडऐवजी २० अंशांच्या खोलीत बसलेलं फुलपाखरू नुसतं बसून तीन ते पाच पट साठा संपवतं, आणि काचेवर फडफडत असेल तर त्याहून कितीतरी जास्त. शिवाय हीटिंगच्या कोरड्या हवेत अंगातलं पाणीही उडून जातं. फेब्रुवारीत खिडकीच्या चौकटीवर मेलेली फुलपाखरं सापडतात ती थंडीने मेलेली नसतात.

म्हणून छतावरच्या दोघांना हात लावू नका. खोलीच थंड करा. रेडिएटरला आकडे असलेला थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह असेल तर तो बर्फाच्या चिन्हावर ठेवा. त्या खुणेला पाणी गोठू नये एवढंच, साधारण ७ अंशांच्या आसपास तापमान राखलं जातं, त्यामुळे पाइपलाही धोका नाही. दार बंद, दाराखालची फट टॉवेलने बुजवा, पडदे ओढलेले ठेवा. हिवाळ्यातलं तिरपं ऊन काचेतून आलं की बंद खोली दुपारी चांगलीच तापते. भिंतीवर एक साधा थर्मामीटर लावा, छताच्या उंचीवर. खाली ९ दाखवत असताना वर १३ असू शकतं. १० च्या खाली राहिलं तर उत्तम, १२-१३ च्या वर गेलं की चुळबुळ सुरू होते. शेजारच्या खोल्यांच्या उबेमुळे ते खाली येतच नसेल तरच हलवायचा विचार करा.

जागं झालेल्याला मात्र आजच हलवा. काचेवर बसलेलं असताना त्यावर रुंद तोंडाचा ग्लास ठेवायचा, मागून जाड कागद सरकवायचा. बोटांनी धरायची वेळ आलीच तर चारही पंख पाठीवर मिटलेले असताना, अंगाच्या अगदी जवळ, हात कोरडे ठेवून. पंखांच्या टोकाला धरलं की खवले निघतात आणि पंख फाटतो.

मग पुठ्ठ्याचा खोका, बुटांच्या खोक्याएवढा. झाकणाला पेन्सिलच्या टोकाने आठ-दहा भोकं पाडा. प्लॅस्टिकचा डबा किंवा काचेची बरणी नको. आत दव धरतं, आणि गुळगुळीत भिंतीला पाय धरता येत नाहीत, त्यामुळे ते तळाशी घसरून पाठीवर पडतं. खोका थंड जागी अर्धा तास तरी ठेवा. अंधार आणि गारवा मिळाला की ते शांत होतं. नंतर झाकण उघडून खोका भिंतीला टेकवा, ते आपल्या पायांनी वर चढून जागा शोधेल. उघडल्या उघडल्या फडफडलं तर झाकण परत लावा आणि अजून तासभर थांबा.

---

रानवाटा

पानगळ यांनी मुद्द्याचं सांगितलंच आहे. मी फक्त जागेबद्दल लिहितो, कारण खरी गडबड तिथेच होते. लोक शेडमध्ये नेऊन ठेवतात आणि वसंतात ते शेडमध्येच मरतं.

शेडला खिडकी असते आणि फुलपाखरू जागं झालं की सगळ्यात उजेड असलेल्या दिशेने उडतं. दाराखाली दहा फटी असल्या तरी ते खिडकीकडेच जाणार आणि काचेवर मरणार. त्यामुळे बाहेर जायची वाट हीच आतली सगळ्यात उजेडाची जागा असायला हवी. खिडकीला आतून पुठ्ठा लावून टाका. दाराच्या वर किंवा भिंतीच्या वरच्या भागात, शक्यतो दक्षिणेला, अडीच सेंटिमीटर उंच आणि आठ-दहा सेंटिमीटर रुंद एवढी फट ठेवा. पंख मिटून ते चालत बाहेर पडतं, पंखांच्या पूर्ण पसाऱ्याएवढी जागा लागत नाही.

शेड लाकडी किंवा विटांचं बरं. पत्र्याच्या छताला थेट चिकटू देऊ नका. स्वच्छ दिवशी दुपारी पत्रा तापतो, रात्री गोठतो आणि पहाटे त्यावरून पाणी ठिबकतं. लाकडी तुळई, दोन फळ्यांमधली सांध, मागे टांगलेलं जुनं पोतं, असं खडबडीत आणि कोरडं काहीतरी द्या. उत्तरेकडची भिंत सगळ्यात चांगली, तिचं तापमान फार वरखाली होत नाही.

नुकतंच लाकडाला प्रिझर्व्हेटिव्ह किंवा कीटकनाशक मारलेलं असेल, किंवा माश्या मारायची पट्टी टांगलेली असेल, तर ती जागा यंदा बाद.

शेडमध्ये ठेवण्याआधी जमिनीकडे एकदा नीट बघा. पंखांचे तुकडे पडलेले दिसले तर तिथे कोणीतरी जेवतंय. फळीवर पंखांसोबत लेंड्या असतील तर उंदीर. एकाच ठिकाणी वरून पडल्यासारखा पंखांचा ढीग असेल तर लांब कानांची वटवाघळं तिथे लटकून खातात. वटवाघूळ असेल तर दुसरी जागा शोधा. ब्रिटनमध्ये त्यांच्या वस्तीला त्रास देणं गुन्हा आहे, ती जागा बंद करणं किंवा त्यांना हुसकावणं हे करायचंच नाही. फुलपाखरं हलवायला मात्र कायद्याची आडकाठी नाही, या दोन जाती संरक्षित यादीत नाहीत.

कोळ्यांची जाळी तुम्ही ठेवणार त्या कोपऱ्यातली तेवढी काढा, सगळं शेड झाडायची गरज नाही. उंदरांसाठी उपाय एकच, उंचावर आणि फळ्यांपासून दूर ठेवायचं. पीकॉककडे स्वतःचाही एक उपाय असतो. डिवचलं की पंख फटकन उघडून एकमेकांवर घासतं आणि सापासारखा फुत्कार येतो. अंधारात डोळ्यांची नक्षी दिसत नाही तिथेही त्या आवाजाने उंदीर दचकतो. पण प्रत्येक वेळी पंख उघडताना थोडी चरबी जाते, म्हणून हे बघण्यासाठी कोणी मुद्दाम डिवचू नका.

---

अनुजा_क

दोघांचे मनापासून आभार. व्हॉल्व्ह बर्फाच्या खुणेवर केला, पडदे ओढले, पकडलेलं खोक्यात आहे आणि आता शांत बसलंय. पण शेड पत्र्याचं आहे. दुसरा पर्याय घराला लागून असलेलं गॅरेज, नाहीतर माळा. फ्रिजमध्ये ठेवतात असंही वाचलं. आणि साखरपाण्याचं राहिलंच, ते तीन-चार दिवस तरी धडपडत होतं.

---

सुरवंट

गॅरेज चालेल, तिथे बॉयलर नसेल तर. घराला लागून असलेली भिंत टाळा, बाहेरच्या भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात ठेवा. शटरच्या वर बहुतेक वेळा फट असतेच, ती बुजवलेली नाही ना ते बघा.

माळ्याबद्दल घाई करू नका. इन्सुलेशन जमिनीवर अंथरलेलं असेल तर त्याच्या वरचा भाग थंड असतो, ते ठीक. पण बऱ्याच घरांत कौलांखाली सलग पडदा ताणलेला असतो आणि वळचणीच्या फटीही जाळीने बंद असतात. तिथून वसंतात बाहेर पडायला वाट नाही. शिवाय दक्षिणेकडच्या उतारावर ऊन पडलं की माळा फेब्रुवारीतच तापतो, तेव्हा बाहेर खायला काही नसतं.

फ्रिज ही शेवटची सोय आणि तीही थोड्या दिवसांपुरती. तापमान ४-५ अंश म्हणजे योग्यच असतं, अडचण हवेची आहे. बर्फ न धरणारे फ्रिज हवा सतत कोरडी करतात आणि फुलपाखरू वाळत जातं. ठेवायचंच झालं तर खोका दुसऱ्या सैलसर झाकणाच्या डब्यात ठेवून, दोन्हींच्या मधल्या जागेत ओल्या स्पंजचा सुपारीएवढा तुकडा ठेवा. स्पंज फुलपाखराच्या खोक्याच्या आत नको, बुरशी येते. फ्रीझरच्या कप्प्याजवळ किंवा मागच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका. गॅरेज असताना या भानगडीत पडूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता खाणं. झोपलेल्याला कधीही खायला देऊ नका. हिवाळ्याआधी कीटक आतडं रिकामं करतात त्याला कारण आहे, पोटात अन्न असलं की त्याभोवती बर्फाचे कण लवकर धरतात. पण तीन-चार दिवस काचेवर धडपडलेल्याने साठा बराच जाळलेला असतो. त्याला थंडीत पाठवण्याआधी एकदा खाऊ घालणं योग्य.

एक सपाट चमचा पांढरी साखर, दहा चमचे पाणी, पूर्ण विरघळू द्या. ब्राउन शुगर किंवा गूळ नको, त्यातले बाकीचे घटक त्यांना पचत नाहीत. मध चालतो असं म्हणतात पण तो पाण्यात लगेच आंबतो. टिश्यू पेपरची चौघडी करून ती ओली करा, निथळू द्या. बशीत पाणी ओतून ठेवू नका, पंख भिजून चिकटतात आणि मग काही करता येत नाही.

खोका १८-२० अंशांच्या खोलीत, उजेडात, पंधरा-वीस मिनिटं ठेवा. गारठलेलं फुलपाखरू सोंड उलगडत नाही. हुशार झालं की त्याला टिश्यूवर चालवा. चव पायांना कळते, त्यामुळे पाय ओल्या भागावर पडले की बहुतेक वेळा सोंड आपोआप खाली येते. आली नाही तर बोथट सुईचं टोक सोंडेच्या वेटोळ्यात हलकेच घालून ती खाली टिश्यूपर्यंत उलगडा. अगदी सावकाश, ओढायचं नाही. सोंड तुटली तर ते पुढे कधीच पिऊ शकणार नाही. दोनदा करूनही नाही जमलं तर सोडून द्या.

पिऊन झाल्यावर लगेच गॅरेजमध्ये नेऊ नका. खोक्यात, खोलीच्या तापमानाला पाच-सहा तास राहू द्या, पचू द्या. मग गारव्यात.

---

पानगळ

सुरवंट, एका गोष्टीवर माझं मत वेगळं आहे. जागं झालेलं प्रत्येक फुलपाखरू खाऊ घालायच्या लायकीचं धरलं तर लोक दर आठवड्याला बाहेर काढून पाजत बसतात आणि तेच त्याला मारतं. एका वेळच्या ऊब-खाणं-गारवा या फेऱ्यात किती मिळालं आणि किती जळलं याचा हिशेब नेहमी फायद्याचा नसतो. माझा नियम असा: तासभर किंवा दिवसभर जागं होतं, तर थेट थंड अंधारात. कित्येक दिवस धडपडत होतं, किंवा पोट चपटं आणि सुरकुतलेलं दिसतंय, तर एकदाच खाणं. त्यानंतर वसंतापर्यंत नाही.

अनुजाताईंच्या टॉर्टॉइजशेलला एकदा द्यावं, एवढ्यापुरतं आपलं एकमत आहे.

---

सुरवंट

मान्य, एकदाच. आणि पोट बघायची खूण चांगली सांगितलीत. चांगल्या साठ्याचं पोट बाजूने गोल आणि भरीव दिसतं.

---

गवाक्ष

याच धाग्यात विचारतो. आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, शेड नाही, गॅरेज नाही. स्वयंपाकघरात काळं, लाल पट्ट्यांचं आणि टोकाला पांढरे ठिपके असलेलं आलं आहे. शिवाय बाल्कनीतून आत घेतलेल्या कुंडीच्या कडेला एक हिरवट-करडा कोष चिकटलेला आहे. दोघांचं काय करू?

---

रानवाटा

काळं-लाल म्हणजे रेड अ‍ॅडमिरल. त्याचा प्रकार वेगळा. ते गाढ झोपत नाही, हिवाळ्यातही ऊन पडलं की उडतं. त्याला बाहेरच सोडा, फक्त दिवस बघून. कोरडा, वारा नसलेला, १० अंशांच्या वर जाणारा दिवस निवडा आणि दुपारच्या आधी सोडा, म्हणजे अंधार पडायच्या आत त्याला आडोसा शोधता येईल. आयव्हीने भरलेली भिंत किंवा झाड मिळालं तर तिथे पानांच्या आत बसवा. तोपर्यंत वर सांगितलेल्या खोक्यात, घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा.

तुमच्याकडे टॉर्टॉइजशेल किंवा पीकॉक आलं तर इमारतीतली सायकल ठेवायची जागा, न तापवलेला जिना, मीटरची बाहेरची खोली असं काहीतरी बघा. रात्रंदिवस दिवा जळत असेल ती जागा उपयोगाची नाही.

कोष बहुतेक लार्ज व्हाइट किंवा स्मॉल व्हाइटचा. ती भिंती, कुंपणं, चौकटी, कुंड्या यांवर कोष करतात आणि त्याच रूपात हिवाळा काढतात. कुंडी परत बाल्कनीत, पावसाच्या आडोशाला ठेवा, बस. आत राहिला तर जानेवारीतच फुलपाखरू बाहेर येईल आणि त्याला ना फूल मिळेल ना जोडीदार. कोष खरवडून काढू नका, मध्यावरचा रेशमी धागा तुटला की तो लोंबकळतो.

---

अनुजा_क

टॉर्टॉइजशेल प्यालं, सोंड स्वतःच खाली केली. संध्याकाळी गॅरेजमध्ये नेलं, तुळईच्या बाजूला चढून बसलं आहे. छतावरची दोन हललेली नाहीत. आता एकच विचारते. सोडायचं कधी, आणि एखादं झोपेतच मेलं आहे हे ओळखायचं कसं?

---

पानगळ

गॅरेजमधलं सोडायचं नाही, ते स्वतः जाईल. तुम्ही फक्त वाट उघडी ठेवा. फेब्रुवारीच्या शेवटापासून रोज सकाळी काचेवर किंवा फटीजवळ नजर टाकत जा.

खोलीतल्या पीकॉकसाठी मार्च उजाडला की, ऊन असलेल्या आणि १२-१३ अंश गाठणाऱ्या दिवशी, सकाळी दहाला पडदे पूर्ण उघडा आणि खिडकी सताड उघडी ठेवा. तीनच्या सुमाराला बंद करा. नुसती फट ठेवली तर ती काचेच्या बंद भागावरच अडकतात. एखाद्या दिवशी गेली नाहीत तर दुसऱ्या चांगल्या दिवशी परत तेच. हाताने उठवून बाहेर काढू नका. मार्चमध्ये परत गारठा आला तरी घाबरू नका, बाहेर गेलेली पुन्हा आडोशाला बसू शकतात.

पहिलं खाणं त्यांना सॅलो विलो या झाडाच्या तुऱ्यांवर आणि डँडेलियनच्या पिवळ्या फुलांवर मिळतं. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये हिरवळीतली डँडेलियन कापू नका. अंडी दोन्ही जाती नेटलच्या कोवळ्या शेंड्यांवर घालतात, तीच अंगाला लागली की आग होणारी वनस्पती. बागेच्या उन्हाच्या कडेला तिचा दोन-तीन मीटरचा पट्टा ठेवता आला तर बघा. सावलीतल्या नेटलवर ती सहसा येत नाहीत. मेच्या मध्यापासून पानांवर जाळ्यात काळे सुरवंट दिसले की तो भाग कापू नका.

मेलेलं ओळखायचं तर आधी स्पर्श न करता बघा. झोपलेलं सगळे पाय रोवून घट्ट धरून असतं, मेलेलं बहुधा खाली पडतं. खाली पडलेलंही लगेच टाकू नका. खोक्यात घालून १५-१८ अंशांत वीस मिनिटं ठेवा, मिशा किंवा पाय हलतात का बघा. हलले तर परत थंड जागी, खडबडीत भिंतीला टेकवून. अंग कडक, पाय आत वळलेले आणि पोट अगदी हलकं वाळलेलं असेल तर ते गेलेलं आहे.

---

रानवाटा

एक पुरवणी. गॅरेजमध्ये नारिंगी ठिपक्यांचा, कडा कुरतडल्यासारखी असलेला तपकिरी पतंग भिंतीवर दिसला तर तो हेरल्ड. तोही प्रौढ रूपातच हिवाळा काढतो, थंड ओलसर तळघरं आणि शेड त्याला आवडतात. त्याला आहे तिथेच राहू द्या. आणि गॅरेजचं शटर मार्चमध्ये तेल-रंगाला काढणार असाल तर ते काम मेवर ढकला.